जुन्या रेसिंग सायकलच्या फ्रेमचे माप

साधारण १९९० पूर्वी बनलेल्या, पोलादी नळ्यांच्या आणि वाकड्या हँडलच्या सायकलींमधून अंगाला बसणारी फ्रेम निवडण्याची रीत. या फ्रेमचा दांडा, म्हणजे वरची नळी, जमिनीला समांतर असतो; म्हणून सीटखालच्या नळीची लांबी हेच फ्रेमचे माप धरतात. आजच्या सायकलींवरचे ‘स्मॉल’, ‘मीडियम’ इथे उपयोगाचे नाही.

सोलापुरात सायकलचे माप म्हटले की ‘बावीस इंची’ आणि ‘चोवीस इंची’ हेच तोंडी येते. गिरण्यांच्या या गावात वापरल्या गेलेल्या काळ्या रोडस्टर सायकली याच मापांच्या. हाच आकडा रेसिंग सायकलला लावला की फसगत होते. २४ इंच म्हणजे ६१ सेंमी. साडेपाच फुटी माणूस चोवीस इंची रोडस्टर वर्षानुवर्षे निभावून नेतो, थांबताना ती एका बाजूला कलवतो, एवढेच. तिची सीटची नळी ६७-६८ अंशांत मागे कललेली आणि हँडल वर, चालवणाऱ्याकडे वळलेले असते. पाठ ताठ राहते. रेसिंग फ्रेमची नळी ७२ ते ७४ अंशांत उभी, हँडल पुढे आणि खाली. त्याच माणसाला ६१ च्या रेसिंग फ्रेमवर हँडल गाठायलाच खांदे ताणावे लागतात.

माप घेण्याच्या पद्धतीही दोन. सुरुवात दोन्हींत, पायडलचे दोन्ही दांडे ज्याभोवती फिरतात त्या फ्रेममधल्या एक्सलच्या मध्यापासून. पण इटालियन कारखाने बहुधा दांड्याच्या मध्यापर्यंत मोजत, इंग्रज नळीच्या वरच्या टोकापर्यंत, तेही इंचांत. फरक दीड सेंमीच्या आसपास पडतो. विकणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर न जाता टेप स्वतः लावावा.

स्वतःचे माप घ्यायला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर ओढावे आणि त्याच्या वरच्या कडेची खूण भिंतीवर करावी. जमिनीपासून खुणेपर्यंतच्या अंतराला ०.६५ ते ०.६७ ने गुणले की मध्यापासून मध्यापर्यंतचे फ्रेमचे माप मिळते. अंतर ८० सेंमी असेल तर फ्रेम ५२ ते ५४. त्याच एक्सलपासून सीटच्या उंचीसाठी ०.८८३ चा गुणक वापरतात. तो फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्याकडचा, आणि अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे जगभर गेला. त्याने ८० चे ७०.६ सेंमी येतात. एवढी सीट चढवल्यावर नळीबाहेर मूठभर सीट पिलर, म्हणजे सीट धरणारी आतली नळी, दिसला तर फ्रेम बरोबर. त्या काळातल्या सायकलपटूंचा हाच ठोकताळा होता.

इथे बरेच जण थांबतात. खरे तर दांड्याची लांबी याहून महत्त्वाची आहे. सीटची उंची पिलरने सावरता येते. लांब दांडा मात्र आखूड होत नाही. हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, सेंमी-दोन सेंमीने बदलून भागते, त्यापुढे गेले की सायकलचे वळणे बिघडते. सोलापूरहून अक्कलकोट किंवा पंढरपूरकडे निघालात की रस्ता सपाट आणि सरळ. तासन् तास बैठक बदलायला निमित्तच नसते. लांब पडलेल्या दांड्याने मान आणि तळहात अशा रस्त्यावर लवकर भरून येतात. तुळजापूरच्या घाटात निदान उभे राहून पायडल मारता येते. म्हणून फ्रेम घेण्याआधी एक फेरी हँडलच्या वरच्या भागावर हात ठेवून मारावी. कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजेत.

दोन मापांमध्ये अडकलेल्याने शक्यतो मोठी फ्रेम घ्यावी, पाय लांब आणि धड आखूड असेल तर लहान. लहान फ्रेमवर हँडल खाली पडते, आणि जुना स्टेम वर घ्यायला मर्यादा आहे: त्याच्या दांडीवर कोरलेली खूण नळीबाहेर दिसता कामा नये. ती बाहेर काढल्याशिवाय हँडल हाताला येत नसेल, तर ती फ्रेम सोडून द्यावी.