बेंचमार्क: खुणेच्या दगडापासून कट-ऑफपर्यंत

‘आपला बेंचमार्क किती?’ असा प्रश्न महाविद्यालयातल्या आयक्यूएसीच्या, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, बैठकीत निघाला की उत्तर आकड्यातच येते: ३.०१, ३.२६ किंवा पीएचडीधारक ९५ टक्के. मूळ शब्दाच्या अर्थाने हा प्रश्न विचारताच आला नसता.

सर्वेक्षणात बेंचमार्क म्हणजे दगडात किंवा भिंतीत कोरलेली खूण. आडव्या खाचेत लोखंडी कोन बसवायचा, त्यावर मोजपट्टी उभी करायची आणि तिथून पुढच्या ठिकाणांची उंची काढत जायचे. नागपुरात झिरो माईलच्या खांबाशेजारी १९०७ सालची अशी खूण आहे. तिच्या वर असलेले गाव पास आणि खालचे नापास, असा हिशेब त्यात नाही. कारखानदारीने हा शब्द १९७९ च्या सुमारास उचलला. एका अमेरिकी फोटोकॉपी कंपनीने जपानी यंत्रे सुटी करून त्यांचा खर्च भागागणिक स्वतःच्या यंत्रांशी ताडून पाहिला. पुढे गोदामातून माल भराभर कसा काढायचा हे शिकायला ती कंपनी टपालाने कपडे-बूट विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे गेली. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या विद्यापीठांनी ही पद्धत प्रशासकीय कामांसाठी घेतली, आणि २००० साली ऑस्ट्रेलियात विद्यापीठांसाठी ६७ बेंचमार्कांची मार्गदर्शिका तयार झाली. तोवर अर्थ साधाच होता: दुसऱ्याकडे काम कसे चालते ते पाहायचे आणि आपले सुधारायचे.

गुंता ब्रिटनमध्ये वाढला, कारण तिथे या शब्दाला लागोपाठ दोन नवे अर्थ मिळाले. एक म्हणजे विषयवार बेंचमार्क निवेदने. इतिहासाच्या किंवा रसायनशास्त्राच्या पदवीधराला काय यायला हवे, हे त्यांत शब्दांत लिहिलेले असते, आकडा जवळपास नसतोच. दुसरा अर्थ १९९९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या कामगिरी-निर्देशकांचा, आणि आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित राहिला तो हाच. तिथे प्रत्येक विद्यापीठाला स्वतःचा वेगळा बेंचमार्क काढून दिला जाई. विद्यार्थ्यांचे प्रवेशाच्या वेळचे गुण, त्यांचे वय आणि विषय लक्षात घेऊन हिशेब व्हायचा, की असेच विद्यार्थी आणि असेच विषय असताना देशभरात सरासरी किती गळती होते. मग प्रत्यक्षातली गळती त्या आकड्याशेजारी ठेवायची. गळती १२ टक्के आणि बेंचमार्क १५ असेल तर ते विद्यापीठ चांगले चालले आहे. गळती ६ टक्के आणि बेंचमार्क ३ असेल तर काहीतरी बिघडले आहे, मग यादीत ते वरच्या जागी दिसत असले तरी. आपल्या पद्धतीत मात्र सातपुड्यातल्या दुर्गम धडगावचे कला महाविद्यालय आणि पुण्याच्या डेक्कनवरचे महाविद्यालय उत्तीर्णांच्या एकाच टक्केवारीवर मोजले जाते.

मराठीत भाषांतराने आणखी भर घातली. परिपत्रकांत बेंचमार्कला कधी ‘मापदंड’, कधी ‘मानदंड’, तर कधी ‘निकष’ म्हटलेले आढळते. निकष म्हणजे सोने घासून कस पाहण्याचा दगड, खरे की खोटे याचा निकाल देणारा. मापदंड नुसती लांबी सांगतो. मानदंडात आदर्शाचा भाव आहे. तीन वेगळी कामे एका शब्दाच्या गळ्यात पडली, आणि कार्यालयीन व्यवहारात जिंकला तो निकष.

असे का झाले, याचे उत्तर बरेचसे २०१७ मध्ये सापडते. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या परिषदेची १९९४ पासूनची वाटचाल, आधी तारे आणि २००७ पासून चारपैकी गुणांची सरासरी, सर्वांना ठाऊक आहे. त्या काळात वजन होते ते भेट देणाऱ्या पीअर टीमच्या, म्हणजे बाहेरच्या प्राध्यापक-तज्ज्ञांच्या पथकाच्या, मताला. जुलै २०१७ च्या सुधारित आराखड्याने हा तोल उलटा केला. साधारण ७० टक्के भार संख्यात्मक मेट्रिकवर, म्हणजे आकड्यांत मोजता येणाऱ्या बाबींवर, गेला. आकडे ऑनलाइन भरायचे, डीव्हीव्हीच्या, म्हणजे भरलेली माहिती पडताळणाऱ्या यंत्रणेच्या, शंकांना पुराव्यांसह उत्तर द्यायचे, आणि पीअर टीमच्या हाती जेमतेम ३० टक्के उरायचे. प्रत्येक मेट्रिकला ० ते ४ गुण, आणि कोणत्या पट्ट्यातल्या आकड्याला किती गुण हे आधी ठरलेले. या पट्ट्यांच्या कडांनाच लोक बेंचमार्क म्हणू लागले.

हा निर्णय आजही वादात आहे. बाजू घेणारे सांगतात की पीअर टीमला खूश ठेवण्याची, पाहुणचाराची भाषा संपली, आणि ते अगदीच चूक नाही. पण आकडा स्वच्छ असतो हे गृहीतक कच्चे निघाले. पूर्णवेळ शिक्षकाचे प्रमाण घ्या. नॅकच्या व्याख्येत वर्षभर किमान ९० टक्के कार्यभार असलेला तो पूर्णवेळ शिक्षक. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे रिक्त जागांवर तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबी, प्राध्यापक शिकवतात. समजा विद्यार्थी १,५००, पूर्णवेळ शिक्षक ३० आणि सीएचबी २५. सीएचबी वगळले तर प्रमाण १:५०, धरले तर साधारण १:२७. वर्गात दोन्ही वेळा तीच माणसे उभी असतात. भरती थांबवण्याचा निर्णय शासनाचा आणि गुण जातात महाविद्यालयाचे. त्यामुळे डीव्हीव्हीची शंका आली की धावपळ सुरू होते ती नेमणूकपत्रांची, शिकवण्याची नव्हे. विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचेही तसेच. महाविद्यालयाला एकूण विद्यार्थ्यांच्या १० टक्के किंवा १००, यांतले जे कमी तेवढे प्रतिसाद पुरतात. ते कोणाकडून येतील याची काळजी मग ‘वर्गशिक्षक’ घेतात.

क्रमवारीत ही कड आणखी धारदार आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर झालेल्या आणि एप्रिल २०१६ मध्ये पहिली यादी देणाऱ्या एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीत अभियांत्रिकीसाठी सुरुवातीच्या काही वर्षांत शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाला ३० गुण होते. सूत्र होते ३० × १५ × (शिक्षक ÷ विद्यार्थी). १:१५ ला पूर्ण गुण, आणि १:५० पेक्षा कमी असल्यास थेट शून्य. १,००० विद्यार्थ्यांना २० शिक्षक असले तर ९ गुण. त्यातला एक निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, तर शून्य. शिवाय पीएचडीधारकांची टक्केवारी हजर शिक्षकांवर नव्हे, आवश्यक शिक्षकसंख्येवर काढली जाई, म्हणजे रिकामी जागा दोनदा नडायची. काही घटक पर्सेंटाइलवर ठरतात. संस्था सुधारली तरी इतर जास्त सुधारल्या तर तिचे गुण घसरतात, आणि प्राचार्यांना संस्थाचालकांसमोर हे समजावणे सोपे नसते.

उंबरठा आणि तुलना यांतला फरक दाखवायला २०१७ चेच दुसरे उदाहरण पुरेसे आहे. महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यानुसार निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. त्या उन्हाळ्यात मुंबईत उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने लागू झाली, निकाल महिनोन्महिने रखडले आणि कुलगुरूंना पद गमवावे लागले. ४५ चा आकडा तेव्हाही होता, पण दिवस कुठे गेले हे तो सांगत नव्हता. खरे बेंचमार्किंग करायचे तर काम तोडून पाहावे लागते: उत्तरपत्रिका जमा होणे, मास्किंग (विद्यार्थ्याची ओळख झाकणे), स्कॅनिंग, तपासनीसांची नोंदणी, प्रत्यक्ष तपासणी, मॉडरेशन (फेरतपासणी), गुणनोंद, राखीव निकाल. दरेक टप्प्याला आपल्याकडे किती दिवस गेले आणि तेवढ्याच उत्तरपत्रिका हाताळणाऱ्या दुसऱ्या विद्यापीठात किती, हे शेजारी-शेजारी मांडायचे. तुलनेची संस्था आकाराने आणि विषयांनी जवळची हवी, आणि निदान तीन परीक्षांचे आकडे हवेत, नाहीतर एखाद्या अपघाती सत्रावरून धोरण ठरते. हे काम रटाळ असते, त्याला गुण नसतात, म्हणून ते होत नाही.

गुण मात्र दिवसेंदिवस महाग होत गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी मुक्त व दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम चालवायला नॅकची सरासरी ३.०१ आणि ऑनलाइन पदवीसाठी ३.२६ अशा अटी घातल्या, पर्याय म्हणून क्रमवारीत पहिल्या शंभरात येण्याची. दशांशातला फरक असा थेट शुल्काच्या उत्पन्नाला जाऊन भिडला. संशोधनलेखांच्या संख्येमागची धावही त्यातलीच. मागे घेतलेल्या लेखांसाठी क्रमवारीत गुण कापण्याची सुरुवात व्हायला २०२५ उजाडावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मूल्यांकनासाठी गेलेल्या एका समितीतील सदस्यांना लाचेच्या आरोपाखाली अटक झाली, म्हणजे ७० टक्के आकडे होऊनही पाहुणचाराची भाषा संपली नव्हती.

जानेवारी २०२४ मध्ये नॅकची श्रेणी रद्द करून ‘मान्यताप्राप्त’ आणि ‘मान्यताप्राप्त नाही’ अशी द्विस्तरीय पद्धत आणि तिच्यावर पाच पायऱ्यांची परिपक्वता-पातळी जाहीर झाली. म्हणजे निकष आधी आणि मापदंड नंतर, निदान कागदावर. अडचण अशी की ३.०१ आणि ३.२६ लिहिलेले नियम जुन्याच श्रेणीवर बेतलेले आहेत, आणि मिळालेली श्रेणी साधारणपणे पाच वर्षे वैध असते. तोवर एकाच विद्यापीठाच्या दोन महाविद्यालयांपैकी एकाकडे सरासरीचा आकडा असेल आणि दुसऱ्याकडे नुसता ‘मान्यताप्राप्त’ असा शिक्का.