पतअहवालातील कर्जनोंदीवर हरकत

पतअहवालातील कर्जनोंदीवर हरकत : पतअहवालात, म्हणजे आपली कर्जे व त्यांची परतफेड यांच्या नोंदवहीत, आपल्या नावापुढे दाखवलेले कर्ज, त्याची थकबाकी किंवा खात्याची स्थिती चुकीची आहे असे कळवून ती दुरुस्त करून घेण्याचा कर्जदाराचा कायदेशीर हक्क. कोल्हापुरात या अहवालाला सरसकट ‘सिबिल’ म्हणतात. सिबिल हे मुळात 2000 साली स्थापन झालेल्या एका कंपनीचे नाव आहे. तिच्याबरोबर इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क मिळून चार पतमाहिती कंपन्या देशात काम करतात. प्रत्येकीचा अहवाल वेगळा असतो. 2017 पासून प्रत्येक कंपनीने मागेल त्याला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल पतगुणांकासह (या नोंदींवरून काढलेल्या अंकासह) मोफत दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. गुणांक 300 ते 900 या दरम्यान असतो. हरकत मात्र गुणांकावर घेता येत नाही, त्याच्यामागच्या नोंदीवर घ्यायची असते.

या हक्काचा आधार पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, 2005 हा आहे. त्याच्या कलम 21 नुसार कर्जदाराला आपली माहिती मागता येते आणि चूक दाखवल्यावर 30 दिवसांत दुरुस्तीची पावले उचलावी लागतात. याच कलमात एक गाठ आहे आणि बहुतेकांची दमछाक तिथेच होते. कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुस्ती बरोबर असल्याचे प्रमाणित केल्याखेरीज पतमाहिती कंपनी नोंद बदलू शकत नाही. वाद लवादापुढे किंवा न्यायालयात प्रलंबित असेल, तर तोवर कर्जसंस्थेच्या वहीतली नोंदच धरली जाते. म्हणजे दावा लावला म्हणून अहवाल सुधारत नाही.

चुका कुठून येतात हे जिल्ह्याच्या व्यवहारात नीट दिसते. ऊसकऱ्याचे पीककर्ज विकास सेवा संस्थेमार्फत मिळते आणि वसुली बहुधा कारखान्याच्या ऊसबिलातून कापून घेतली जाते. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे बिल 14 दिवसांत द्यायचे असते. बिल लांबले किंवा कापलेली रक्कम कर्जखात्यावर उशिरा चढली, तर शेतकऱ्याच्या हातून काहीही न चुकता तो थकबाकीत दिसू शकतो. अशा वेळी ऊसबिलाची पावती आणि कर्जखात्याचा उतारा या दोन कागदांवरच्या तारखा शेजारी ठेवल्या की हरकत उभी राहते. दुसरी चूक नावसाधर्म्याची. एकाच गावात एकाच नावाचे, वडिलांचे नावही तेच असलेले दोन पाटील असणे इथे नवलाचे नाही, आणि जुन्या खात्याला पॅन जोडलेला नसेल तर एकाचे कर्ज दुसऱ्याच्या माथी बसते.

जामीनदाराची गोष्ट वेगळी, आणि ती फार घरांना चटका लावते. भावकीत, तालमीत, नोकरीच्या ठिकाणी शब्दाखातर सही दिली जाते. भारतीय करार अधिनियमाच्या कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. त्यामुळे ते कर्ज त्याच्या अहवालात दिसणे ही चूक नव्हे. कर्ज फिटूनही ते चालू दिसत असेल, किंवा सहीच आपली नसेल, तर मात्र हरकत घेता येते.

‘सेटल्ड’ या शेऱ्याबद्दलही असाच गैरसमज आहे. एकरकमी परतफेडीत सूट घेतलेले खाते ‘सेटल्ड’ म्हणूनच कळवले जाते आणि ते खरेही असते. सूट न घेता पूर्ण रक्कम भरली असेल, तर खाते ‘क्लोज्ड’ दिसलेच पाहिजे. बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचे संस्थेचे पत्र) जपून ठेवायचा तो यासाठी.

हरकत पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर विनाशुल्क नोंदवता येते. तरीही कर्जसंस्थेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, कारण मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. पहिले 21 दिवस कर्जसंस्थेचे. तेवढ्या अवधीत तिने सुधारित माहिती पाठवायची असते. एकूण 30 दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. हा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. उशीर ज्याच्यामुळे झाला तो पैसे देतो. मागणी फेटाळली तर कारण कळवणेही बंधनकारक आहे. ‘सिबिल क्लीन करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे यापेक्षा वेगळी किल्ली नसते, आणि खरी असलेली थकबाकी पुसणे त्याच्या हातात नसते. त्याला ओटीपी देणे तर धोक्याचेच.

पतसंस्थांच्या बाबतीत वाट बदलते. त्या बँका नाहीत. त्यांचे नियमन महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली होते. म्हणून पतसंस्थेच्या कारभाराची तक्रार रिझर्व्ह बँकेकडे न नेता जिल्हा उपनिबंधक किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे न्यावी लागते.

न घेतलेले कर्ज अहवालात दिसले, विशेषतः मोबाइल ॲपवरचे, तर संबंधित संस्थेला कळवण्याबरोबरच 1930 या सायबर मदतक्रमांकावर तक्रार करावी. तिचा क्रमांक हरकतीत लिहिला की ‘कर्ज तुम्हीच घेतले’ हे उत्तर संस्थेला सहज देता येत नाही.

संस्थेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. पतमाहिती कंपन्या 1 सप्टेंबर 2022 पासून लोकपालाच्या कक्षेत आल्या. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. इचलकरंजीचे यंत्रमागधारक आणि उद्यमनगरातील कारखानदार यांनी इथे सावध राहावे : चुकीच्या सिबिल नोंदीच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये नफ्याच्या व्यवसायासाठी कर्ज घेतलेल्या कंपनीला ‘ग्राहक’ मानले नाही. केवळ उपजीविकेसाठी स्वतः राबणाऱ्याला कायद्यात अपवाद आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. त्यामुळे बँकेचे मुख्यालय मुंबईत असले, तरी चंदगडच्या किंवा शाहूवाडीच्या कर्जदाराला कोल्हापूरच्या जिल्हा आयोगापुढे दाद मागता येते; मुदत दोन वर्षांची असते.