अडकलेल्या रँकचे गणित

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा मंजूर केला, त्याने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मात्र स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथील शिकवणी वर्गांच्या आणि वसतिगृहांच्या परिसरात एका जुन्या वादाला नवे बळ मिळाले आहे. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) सारख्या मोबाइलवरील खेळात ब्राँझपासून क्राउन, एस आणि शेवटी कॉन्कररपर्यंत रँकच्या पायऱ्या, म्हणजे टियर, चढत जाणे हे कौशल्याचे फळ आहे की नशिबाचे, असा तो वाद आहे. या वादात दोन विधाने फार ठामपणे केली जातात. पहिले असे की, रँक म्हणजे निव्वळ नशीब, चांगले सोबती मिळाले तर चढली आणि नूब, म्हणजे कच्चे खेळाडू, मिळाले तर पडली. दुसरे असे की, गेमच आपल्याला मुद्दाम हरवतो आणि निम्म्याहून अधिक सामने जिंकूच देत नाही. दोन्ही विधाने चुकीची आहेत. परंतु दुसऱ्या विधानातील निरीक्षण बरोबर असून फक्त त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला आहे, आणि त्याचा खरा अर्थ समजून घेण्यासाठी बुद्धिबळाकडे वळावे लागते.

धावण्याच्या शर्यतीत घड्याळ असते आणि भालाफेकीत टेप असते. बुद्धिबळात यांपैकी काहीच नसते. कोण कोणाकडून हरला एवढीच माहिती हाती असते. त्या तुटपुंज्या माहितीवरून खेळाडूंचे बळ आकड्यात कसे मांडावे, याचा गणिती विचार जर्मन गणितज्ञ अर्न्स्ट झर्मेलो यांनी १९२९ मध्येच केला होता. तो व्यवहारात रुजवला तो मात्र आर्पाद एलो यांनी. हंगेरीत १९०३ मध्ये जन्मलेले एलो अमेरिकेतील मिलवॉकी येथील मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत आणि स्वतः उत्तम बुद्धिबळ खेळत. त्यांची मानांकन पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये आणि जागतिक महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. आपल्या विश्वनाथन आनंद यांनी २८०० चा टप्पा ओलांडला किंवा मॅग्नस कार्लसन २०१४ मध्ये २८८२ वर पोहोचले असे आपण वाचतो, ते आकडे याच पद्धतीचे असतात. आज मोबाइलवरील बहुतेक स्पर्धात्मक खेळांत प्रतिस्पर्धी निवडण्याचे काम याच पद्धतीची मुले-नातवंडे करतात.

ज्यांनी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड पाहिला आहे, त्यांना या पद्धतीचा गाभा आधीपासूनच ठाऊक आहे. तेथे पंच पैलवानाची अंगकाठी, त्याचे वय आणि मागच्या फडांतील त्याची कामगिरी पाहून जोड लावतात. जोड चांगली लागली याची खूण अशी की, कुस्ती सुटण्यापूर्वी निकाल कोणालाही सांगता येत नाही. आणि हलक्या पैलवानाने भारी पैलवानाला चितपट केले, की पुढच्या फडात त्याची जोड आपोआप वरच्या पैलवानाशी लागते. एलो यांनी पंचांचा हा अंदाज सूत्रात बसवला.

सूत्राचे दोन भाग आहेत. पहिला भाग सामन्याआधी अपेक्षा वर्तवतो. दोन खेळाडूंच्या मानांकनांतील फरक ४०० असेल, तर वरचा खेळाडू खालच्यापेक्षा दहापट अधिक वेळा जिंकेल, म्हणजे ११ सामन्यांपैकी १०, असे तो मानतो. फरक २०० असेल तर वरच्याची जिंकण्याची संभाव्यता सुमारे ०.७६, फरक १०० असेल तर ०.६४ आणि फरक शून्य असेल तर अर्थातच ०.५० येते. गणित आवडणाऱ्यांसाठी सांगायचे तर, प्रतिस्पर्ध्याच्या मानांकनातून आपले वजा करून आलेल्या संख्येला ४०० ने भागायचे, १० चा तितकावा घात काढायचा, त्यात १ मिळवायचा आणि १ ला त्या बेरजेने भागायचे. दुसरा भाग सामन्यानंतर दुरुस्ती करतो. जिंकल्यास १ आणि हरल्यास ० धरून त्यातून अपेक्षा वजा करायची, उरलेल्या फरकाला एका ठरावीक गुणकाने गुणायचे आणि ते उत्तर मानांकनात मिळवायचे. या गुणकाला ‘के’ म्हणतात. जागतिक बुद्धिबळ महासंघ नवख्यांसाठी ४०, सर्वसाधारण खेळाडूंसाठी २० आणि २४०० ची पातळी एकदा गाठलेल्यांसाठी १० असा ‘के’ वापरतो.

‘के’ २० धरू. १६०० मानांकनाच्या खेळाडूने १४०० च्या खेळाडूला हरवले, तर त्याला जेमतेम ४.८ गुण मिळतात, कारण हा निकाल अपेक्षितच होता. तोच हरला तर मात्र त्याचे १५.२ गुण जातात. एकाने गमावलेले गुण तेवढेच दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात. एकूण सूत्र विजयाचे बक्षीस देत नाही, ते अंदाज किती चुकला याची भरपाई करते. ही गोष्ट नीट लक्षात घेतली, तर पुढचे सगळे आपोआप उलगडते.

आता ‘गेम पन्नास टक्क्यांवर जाऊ देत नाही’ या तक्रारीकडे येऊ. समजा तुमची खरी पातळी १७०० आहे आणि मानांकन १५०० आहे. खेळ तुम्हाला १५०० वाल्यांशी भिडवतो, तुम्ही १०० पैकी ७६ सामने जिंकता आणि मानांकन वाढते. वाढल्यामुळे पुढचे प्रतिस्पर्धी १५५० चे, मग १६०० चे, मग १६५० चे येतात आणि तुमच्या विजयांचे प्रमाण घटत जाते. मानांकन १७०० ला पोहोचते, तेव्हा समोरचे सगळे तुमच्याच तोलाचे असतात आणि जिंकण्याचे प्रमाण बरोबर निम्म्यावर येऊन थांबते. यासाठी कोणी काही कारस्थान करण्याची गरज नसते. निम्मे सामने हरणे हे मोजमाप पूर्ण झाल्याचे लक्षण आहे, आणि त्यापुढे रँक चढायची असेल तर खरी पातळीच वाढवावी लागते.

हे स्थिरावणे किती सामन्यांत होते? येथे थोडे आकडे करावे लागतील. कंपन्या आपली नेमकी सूत्रे सहसा उघड करत नाहीत, म्हणून आपण शुद्ध एलो नमुना आणि ‘के’ २० घेऊ. समान मानांकनांच्या आसपास प्रत्येक गुणाच्या फरकाने जिंकण्याची संभाव्यता सुमारे ०.००१४४ ने बदलते. त्याला २० ने गुणले की ०.०२८८ येते, म्हणजे प्रत्येक सामन्यात, सरासरीने, खऱ्या पातळीपासूनचे अंतर सुमारे २.९ टक्क्यांनी कमी होते. किरणोत्सारी पदार्थाच्या अर्धायुष्याचे गणित शाळेत शिकलेल्यांना ओळखता येईल की, या हिशेबाने अंतर निम्मे होण्यास २४ सामने लागतात. हे झाले एकास एक खेळांचे.

पाच विरुद्ध पाच अशा खेळात चित्र पालटते. तुम्ही इतरांपेक्षा २०० गुणांनी सरस असलात, तरी बाकीचे नऊ जण सरासरीने सारखेच असल्यामुळे तुमच्या संघाची सरासरी फक्त ४० गुणांनी वर जाते आणि जिंकण्याची संभाव्यता ०.७६ ऐवजी सुमारे ०.५६ उरते. त्यामुळे मानांकनाला खऱ्या पातळीकडे खेचणारी ओढ पाचपटीने सैल होते आणि अंतर निम्मे होण्यास २४ ऐवजी सुमारे १२० सामने लागतात. ‘सोबती वाईट मिळतात म्हणून मी अडकलो’ या तक्रारीत एवढेच तथ्य आहे. वाईट सोबती जितके तुम्हाला मिळतात तितकेच, किंबहुना किंचित अधिक, समोरच्या संघाला मिळतात, कारण तुमच्या बाजूला अनोळखी जागा चार आहेत आणि समोर पाच. दीर्घ पल्ल्यात ते एकमेकांना खोडतात आणि प्रत्येक सामन्यात हजर असलेला एकच घटक उरतो, तो म्हणजे तुम्ही स्वतः. मात्र हा पल्ला खरोखरच दीर्घ असतो, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तो पार पडेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

माझा सर्वांत आवडता भाग याच्या पुढचा आहे. खऱ्या पातळीवर पोहोचल्यावरही मानांकन स्थिर राहत नाही, कारण समसमान जोडीत प्रत्येक विजयाला १० गुण मिळतात आणि प्रत्येक पराभवाला १० जातात. ही हालचाल नाणेफेकीसारखी यादृच्छिक असते. दर सामन्याला ती मानांकनाच्या विचरणात, म्हणजे चढउताराच्या वर्गातील मापात, १० चा वर्ग, म्हणजे १०० ची भर घालते. उलट मघाची ओढ दर सामन्याला त्याच विचरणाचा ०.०५७६ (मघाच्या ०.०२८८ च्या दुप्पट) इतका अंश काढून घेते. भर आणि काट सारखी होते तेव्हा विचरण सुमारे १,७३६ येते आणि त्याचे वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन, सुमारे ४२. पाच-पाच जणांच्या खेळात ओढ पाचपट सैल असल्यामुळे हेच विचलन ९३ पर्यंत जाते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, तुमच्या खेळात तसूभरही फरक पडला नाही, तरी एकास एक खेळात मानांकन खऱ्या पातळीच्या ४२ गुण वर-खाली आणि सांघिक खेळात ९३ गुण वर-खाली फिरत राहते, आणि सुमारे एक-तृतीयांश वेळ तर ते त्या मर्यादेच्याही बाहेर असते. परवा कोणी ‘डायमंड’ला होता आणि आज ‘प्लॅटिनम’ला आला, तर तो खेळ विसरला असे समजण्याचे कारण नाही.

पराभवांच्या मालिकांचेही असेच आहे. जिंकण्या-हरण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना १०० सामने खेळले, तर त्यांत कुठेतरी सलग पाच किंवा अधिक पराभव येण्याची संभाव्यता सुमारे ८१ टक्के असते आणि सलग सहा किंवा अधिक येण्याची सुमारे ५५ टक्के. लागोपाठ पाच पराभव ही साडेसाती नव्हे. न येतील तरच नवल.

अंधश्रद्धेला नेमकी येथेच जागा मिळते. सलग पाचदा हरलेला मुलगा आयडीच्या, म्हणजे खेळातील खात्याच्या, नावात अंकशास्त्राप्रमाणे एखादे अक्षर वाढवतो, अमावास्येला रँक पुश करायचे, म्हणजे रँक चढवण्यासाठी खेळायचे, टाळतो, किंवा यूट्यूबवरील कोणाची तरी ‘गुप्त सेटिंग’ लावतो, आणि पुढचे काही सामने जिंकतो. जिंकणे साहजिकच असते, कारण मानांकन खऱ्या पातळीच्या खाली घसरल्यामुळे समोर आता सोपे प्रतिस्पर्धी येत असतात. टोकाच्या मोजमापानंतरचे मोजमाप सरासरीकडे सरकते हे फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात उंचीच्या आकड्यांवरून दाखवून दिले होते. श्रेय मात्र अक्षराला मिळते. फोनचा गेमिंग मोड विकणाऱ्या जाहिरातीही मला याच माळेतल्या वाटतात, फक्त त्यांचे दक्षिणेचे दर जास्त आहेत.

एलो यांच्या पद्धतीत एक उणीव होती. एखाद्याचे १५०० हे मानांकन हजार सामन्यांतून आले आहे की तीन, याची नोंद तीत होत नाही. मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ग्लिको पद्धतीत मानांकनासोबत अनिश्चितताही साठवली जाते आणि बरेच दिवस न खेळल्यास ती वाढते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक्सबॉक्ससाठी तयार केलेली ट्रूस्किल पद्धत त्याच्या पुढे गेली आणि संघातील प्रत्येकाचा अंदाज स्वतंत्रपणे बांधू लागली. तीत नवख्याची पातळी २५ आणि अनिश्चितता त्याच्या एक-तृतीयांश, म्हणजे सुमारे ८.३३ धरतात, दाखवायचा आकडा मात्र पातळीतून अनिश्चिततेची तिप्पट वजा करून काढतात, म्हणून नवख्याची सुरुवात शून्यापासून होते. नव्या खात्यावर सुरुवातीचे सामने मानांकनाला मोठे झटके देतात आणि पुढे तेच सामने जेमतेम हलवतात, त्याचे कारण हे आहे.

आणखी एक भेद करायला हवा. पडद्यावर दिसणारी रँक आणि जोड लावण्यासाठी वापरलेले छुपे मानांकन या बहुधा दोन वेगळ्या गोष्टी असतात. दिसणाऱ्या रँकमध्ये खालच्या टियरमध्ये विजयाला मिळणारे गुण पराभवात जाणाऱ्या गुणांपेक्षा अधिक ठेवलेले असतात, काही खेळांत तेथे संगणकाने चालवलेले बॉटही सोडलेले असतात, आणि हंगाम संपला की सगळ्यांना काही पायऱ्या खाली आणतात. त्यामुळे खालच्या आणि मधल्या टियर कौशल्याइतक्याच खेळलेल्या तासांवर अवलंबून असतात. कॉन्करर ही पायरी निराळी आहे, कारण तेथे गुणांच्या उंबरठ्याबरोबर पहिल्या ५०० जणांत असणेही आवश्यक असते.

‘रँक पुश करून मिळेल’ किंवा ‘कॉन्करर आयडी विकणे आहे’ या धंद्याचे गणितही यावरून समजते. स्वतःच्या पातळीपेक्षा ३०० गुण वरची आयडी विकत घेणारा एकास एक खेळात १०० पैकी १५ सामने जिंकेल आणि आठवडाभरात उघडा पडेल. पाच जणांच्या संघात तोच ४१ सामने जिंकेल, कारण त्याचे ओझे बाकीचे चौघे वाहतील. हा धंदा सांघिक खेळांत अधिक फोफावतो, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

पिंगविषयी, म्हणजे फोनपासून सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन-येऊन लागणाऱ्या मिलिसेकंदांविषयी, थोडक्यात. प्रकाशीय तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून लातूर ते मुंबई हे सुमारे ५०० किलोमीटरचे अंतर जाऊन-येऊन ५ मिलिसेकंदांचे आहे. खेळताना ८० किंवा १०० पिंग दिसत असेल, तर त्याचा दोष अंतराकडे नाही. तो बहुतांशी टॉवरवरील गर्दी आणि वाटेतल्या उपकरणांकडे जातो. त्याचा परिणाम जिंकण्याच्या संभाव्यतेवर खरोखर होतो, आणि मानांकन तोही मुकाट्याने तुमच्या पातळीत धरून टाकते.

राहिला प्रश्न स्पर्धांचा. बीजीएमआयच्या स्पर्धांत सध्या रूढ असलेल्या पद्धतीनुसार एका सामन्यात प्रत्येकी चौघांचे १६ संघ उतरतात, शेवटपर्यंत टिकणाऱ्या संघाला १०, दुसऱ्याला ६ आणि पुढे उतरत्या क्रमाने गुण मिळतात, शिवाय टिपलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे १ गुण असतो. येथे छुपे मानांकन नसते आणि जोडही लावलेली नसते. फक्त बेरीज असते. बेरजेत कौशल्याचा वाटा सामन्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, नशिबाचा चढउतार मात्र तिच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून नऊ सामने घेतले तर कौशल्य आणि नशीब यांचे गुणोत्तर एका सामन्याच्या तिप्पट होते, सोळा घेतले तर चौपट. मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या अनेक दिवस चालतात, त्यामागे हेच कारण आहे. आपल्याकडील तालुका पातळीवरच्या स्पर्धांत आणि महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत मात्र सभागृहाची वेळ संपत आली म्हणून अंतिम फेरी एकाच सामन्यावर उरकतात. आयोजकांनी बक्षिसाची रक्कम आहे तेवढीच ठेवून अंतिम फेरीचे किमान सहा सामने घेतले, तरी हे गुणोत्तर जवळजवळ अडीचपट सुधारेल, आणि त्यासाठी साधारण तीन तासांचा जास्तीचा वेळ एवढाच खर्च येईल.