वाऱ्याच्या उजव्या हाताला

१८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीच्या आदला दिवस. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला सोळा मीटरची एक होडी लागली. आत तीन एके-४७, माणूस एकही नाही. रायगडात किनारा आणि शस्त्रं हे दोन शब्द एकत्र आले की १९९३ चं शेखाडी आठवतं, तिथे आरडीएक्स उतरलं होतं. मग २००८ ची 'कुबेर' आठवते, जिच्यावरून २६/११चे हल्लेखोर मुंबईजवळ आले ती होडी. वाहिन्यांनी तर दुपारपर्यंत घातपाताचा कट शिजवून वाढायलाही घेतला होता.

त्याच दिवशी विधानसभेत खुलासा झाला. ही 'लेडी हान', ऑस्ट्रेलियन मालकीची, मस्कतहून युरोपकडे निघालेली. २६ जूनला सकाळी इंजिन बंद पडलं. दुपारी एकच्या सुमारास दक्षिण कोरियाच्या युद्धनौकेने आतली माणसं वाचवून ओमानच्या हवाली केली. समुद्र खवळलेला, होडी ओढून नेता येईना, म्हणून ती राहिली पाण्यावर.

कोरियाची युद्धनौका आपल्या अरबी समुद्रात कशाला? ११ सप्टेंबर २००१ नंतर दहशतवादाविरुद्ध म्हणून परदेशी आरमारं इथे गस्तीला आली. २००८ मध्ये सोमाली चाचेगिरीमुळे सुरक्षा परिषदेने सोमालियाच्या सागरी हद्दीत शिरायचीही मुभा दिली, २००९ पासून कोरियाचं पथकही आहे. व्यापारी जहाजांवर बंदूकधारी रखवालदार आले. २०१० मध्ये जहाजवाल्यांनी धोक्याच्या क्षेत्राची रेघ ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत ओढली, म्हणजे अख्खं कोकण त्यात. २०१२ मध्ये केरळजवळ इटलीच्या नौसैनिकांनी दोन मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या. रेघ ६५ अंशांवर मागे गेली ती २०१५ मध्ये. बंदोबस्त परक्यांचा, जीव आमचा, असा तो हिशेब होता.

पण मला त्या होडीच्या वाटेने झोप लागू दिली नाही. पावसाळी वारा नैऋत्येचा. ओमानच्या किनाऱ्यावरून कुठूनही सोडा, वाऱ्यामागे गेलेली होडी पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याकडे नाहीतर कच्छकडे जायला हवी. ही मात्र पार खाली आमच्या हरिहरेश्वरला. कशी?

वेगाचं कोडं सोपं आहे. अंतर दीड ते दोन हजार किलोमीटर, दिवस ५३. ताशी सव्वा ते दीड किलोमीटर पडतात. भर पावसाळ्यात खोल समुद्रात वारा ताशी ३५-४० किलोमीटरने वाहतो आणि बेवारस होडी त्याच्या साधारण शंभराला तीन-चार एवढ्या वेगाने सरकते. जमलं.

दिशेची गंमत खरी. १८९३ ते १८९६ च्या मोहिमेत नान्सेन हा नॉर्वेजियन आपलं जहाज मुद्दाम उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात अडकवून वाहत गेला. त्याला दिसलं, की बर्फ वाऱ्याच्या दिशेने जात नाही, २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो. एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं. पत्रावळींची चळत घ्या, वरची ढकला. ती खालच्या पत्रावळीला थोडी ओढते, ती तिच्या खालचीला. पाण्याचे थर असेच. त्यात पृथ्वी फिरते आहे, म्हणून उत्तर गोलार्धात प्रत्येक थर वरच्यापेक्षा जरा उजवीकडे वळतो आणि जरा मंदही होतो. खोल उतरावं तशी ही चळत गोल जिन्यासारखी पिळत जाते. एकमनच्या हिशेबात पृष्ठभाग ४५ अंश उजवीकडे जातो आणि सगळे थर मिळून सरासरी चक्क ९० अंश.

या वळवण्याचा जोर अक्षांशाच्या साइनवर ठरतो. आपण १८ अंशांवर, साइन १८ म्हणजे ०.३१, ध्रुवाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. ढकलून मोकळं सोडलेलं पाणी ध्रुवावर बारा तासांत गिरकी पूर्ण करतं, आपल्याकडे जवळजवळ ३९ तास घेतं. (इथे डोकं गरगरलं तर पुढच्या वाक्यावर या.) नैऋत्येच्या वाऱ्याची उजवी बाजू म्हणजे आग्नेय, म्हणजे आपण. शिवाय भारताजवळ वारा पश्चिमेकडे झुकतो आणि पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेला वाहतो. तिन्ही मिळून होडी खाली आली.

आमच्याकडे म्हणतात, "दर्या कुनाचं ठेवत नाय." नारळी पौर्णिमेला नारळ दिला की तो निवतो, हेही म्हणतात. त्या वर्षी नारळ देऊन आठवडा झाला होता, तरी समुद्र खवळलेलाच होता. नारळ जरूर द्यावा, निवायचं काम मात्र वारा उतरला की होतं.

हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेकडे २०१६ पासून 'सरट' नावाची सोय आहे. हरवलेल्या माणसाची, होडीची शेवटची जागा, वेळ आणि प्रकार सांगा, वारा आणि प्रवाह धरून ती आता कुठे शोधावी ते नकाशावर दाखवते. 'लेडी हान'च्या बाबतीत या तिन्ही गोष्टी २६ जूनला दुपारी एक वाजता कोणाला तरी ठाऊक होत्या.