वसंतातील टर्की-शिकारीची तारीख कशी ठरत गेली

अमेरिकेत रानटी टर्कीच्या शिकारीचा मुख्य हंगाम वसंतात, म्हणजे ऐन विणीच्या काळात येतो. विणीच्या काळात शिकार करू नये हा वन्यजीव व्यवस्थापनातील जुना दंडक असताना या एका पक्ष्याबाबत अपवाद का केला गेला, आणि केल्यावर हंगाम नेमका केव्हा उघडायचा, या दोन प्रश्नांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. शिकाऱ्याच्या दृष्टीने उत्तम काळ म्हणजे नर सर्वांत जास्त साद घालतो तो. तारीख ठरवणाऱ्या राज्य खात्यांचे लक्ष मात्र मादीच्या घरट्याकडे असते, किंवा निदान असायला हवे.

नराचे वसंतातील रूप पाहणाऱ्याला थक्क करणारे असते. बादशहा जहांगिराचा सरदार मुकर्रब खान याने १६१२ मध्ये गोव्याहून मुघल दरबारात आणलेल्या नवलाईच्या प्राण्यांत टर्कीही होता. माजावर आला की त्याच्या डोक्यावरची कातडी पोवळ्यासारखी लाल, मग कापसासारखी पांढरी आणि कधी निळसर होते, असे जहांगिराने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. दरबारी चित्रकार मन्सूर याने त्याचे चित्रही काढले. अमेरिकेतील शिकारी याच माजाचा फायदा घेतो. तो झाडाच्या बुंध्याशी निश्चल बसून मादीचा आवाज काढतो आणि नराला आपल्याकडे बोलावून घेतो. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लाकडी ‘बॉक्स कॉल’चे एक प्रसिद्ध पेटंट आर्कान्सा राज्यातील हेन्री गिब्सन यांनी १८९७ मध्ये घेतले होते, यावरून वसंतातील ही पद्धत किती जुनी आहे हे लक्षात यावे.

मात्र तोवर पक्षीच संपत आला होता. जंगलतोड आणि बाजारासाठी होणारी बेसुमार शिकार यांमुळे अनेक राज्यांतून टर्की नाहीसा झाला आणि १९३० च्या दशकात देशभरात जेमतेम दोन लाख पक्षी उरले असावेत असा अंदाज सांगितला जातो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. सुरुवातीला पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडण्याचा खटाटोप झाला आणि तो जवळजवळ सर्वत्र फसला, कारण अशा पक्ष्यांना रानात जगताच येत नव्हते. १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलायनात तोफेने उडवल्या जाणाऱ्या जाळ्याने रानटी टर्की पकडण्यात यश आले, आणि पकडलेले कळप नव्या रानांत हलवता येऊ लागले.

या सावरत्या संख्येतून थोडी शिकार करू द्यायची, पण वाढ खुंटू द्यायची नाही, या विचारातून आधुनिक वसंत हंगाम आकाराला आला. १९३७ पासून शिकार बंद असलेल्या मिसूरीने १९६० मध्ये मोजक्या काउंटींत (म्हणजे जिल्ह्यांत) अवघा तीन दिवसांचा वसंत हंगाम उघडला. पेनसिल्व्हेनियाने १९६८ मध्ये तेच केले. शरदातील हंगामात माद्याही मारल्या जात. वसंतात मुख्यतः नरांचीच मुभा असे. टर्कीचा एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि एकदा जुगल्यावर मादीच्या शरीरात शुक्राणू कित्येक आठवडे टिकतात, त्यामुळे जुगणी उरकल्यावर मारलेला नर पुढच्या पिढीच्या हिशेबात फारसा धरावा लागत नाही, असा त्यामागचा तर्क होता. कळीचा शब्द ‘उरकल्यावर’ हा आहे, आणि पुढचा सगळा वाद त्याच्याभोवतीच फिरतो.

मादी रोज साधारण एक अंडे घालते आणि दहा-बारा अंडी झाल्यावरच उबवायला बसते; पुढे सुमारे २८ दिवस ती घरटे क्वचितच सोडते. अंडी घालण्याच्या काळात ती अधूनमधून नराकडे परतत असते, आणि म्हणूनच हंगामाच्या मध्याला शिकाऱ्यांची नेहमीची तक्रार ऐकू येते, की पहाटे फांदीवरून खणखणीत साद देणारा नर जमिनीवर उतरताच माद्यांच्या मागे निघून जातो आणि कितीही चांगली हाक दिली तरी वळूनही पाहत नाही. माद्या अंड्यांवर बसल्या की तोच नर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास एकटा पडतो आणि हाकेला धावत येतो. नरांच्या सादेला दोन भर येतात असे जुने निरीक्षण आहे: एक कळप फुटून जुगणी सुरू होताना आणि दुसरा बहुतेक माद्या उबवणीला बसल्यावर.

हंगाम या दुसऱ्या भराशी जुळवावा, हा सल्ला अभ्यासकांनी पूर्वीपासून दिला. त्यात शिकाऱ्याचे काही बिघडत नाही, आणि घरट्यावर बसलेली मादी चुकून गोळीखाली येण्याची शक्यताही घटते. विणीचा काळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरत असल्याने तो दरवर्षी फारसा सरकत नाही. म्हणून कॅलेंडरवर ठरावीक तारीख लिहिता येते. ती अक्षांशाप्रमाणे बदलते: दक्षिण फ्लोरिडात मार्चचा पहिला शनिवार, मिसूरीत साधारण एप्रिलचा तिसरा आठवडा, तर मेनमध्ये मेच्या सुमारास. मिसूरीने अनेक दशके दुपारी एक वाजता शिकार थांबवण्याचाही नियम पाळला. दक्षिणेकडील काही राज्यांनी मात्र परंपरेखातर हंगाम पहिल्या भरातच उघडा ठेवला. पक्षी वाढत होते तोवर कोणी हरकत घेतली नाही, आणि या शतकाच्या सुरुवातीला संख्या सत्तर लाखांच्या घरात पोहोचली होती.

पुढे आग्नेयेकडील राज्यांत पिल्लांचे प्रमाण घसरू लागले, तेव्हा तारखेचा प्रश्न पुन्हा वर आला. जॉर्जिया विद्यापीठाचे मायकेल चेंबरलेन यांनी असे मांडले की हंगामाच्या आरंभीच वरचढ नर मारले गेले तर जुगणीची घडी विस्कटते, कारण माद्यांनी आपले नर निवडलेले असतात. अधिवासाचा ऱ्हास आणि अंडी-पिल्ले खाणारे प्राणी हीही कारणे सांगितली जातात. पण रान सुधारण्यापेक्षा तारीख बदलणे सोपे असते. जॉर्जियाने २०२२ मध्ये हंगामाची सुरुवात एप्रिलच्या पहिल्या शनिवारपर्यंत पुढे ढकलली आणि प्रत्येक शिकाऱ्याची मर्यादा तीन नरांवरून दोनवर आणली. टेनेसीने आधी दक्षिणेतील काही काउंटींत दोन आठवड्यांचा उशीर करून पाहिला, आणि २०२३ पासून राज्यभर हंगाम एप्रिलच्या मध्यावर नेला. त्या काउंटींतील माद्यांवर माग काढणारी रेडिओ-यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात मात्र उशिरामुळे घरट्यांच्या यशात म्हणण्यासारखी वाढ आढळली नाही.