कापरेकरांचा कोड ठेवायचा कुठे?

6174 हा ‘दैवी अंक’ असल्याचे मेसेज मराठवाड्यातल्या कॉलेजांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरत असतात. त्यात दैवी काही नाही, सुंदर मात्र भरपूर आहे. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी 1949 साली मांडलेली ही क्रिया. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, मोठ्या संख्येतून लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत 6174 येतोच. तीन अंकांना 495 येतो. दोन अंकांत मात्र 9, 81, 63, 27, 45 आणि परत 9 असं चक्र फिरत राहतं.

नांदेड-लातूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला ही क्रिया सिम्पाय या, चिन्हांवर गणित करणाऱ्या मुक्तस्रोत पायथन लायब्ररीत घालायची असेल, तर कोड जेमतेम वीस ओळींचा. डोकं लावायचं ते जागा ठरवताना.

‘फंक्शन्स’ हे फोल्डर दिसलं की हात तिकडेच वळतो. पण तिथली फंक्शनं अज्ञात चिन्हावरही चालतात. फॅक्टोरियलला नुसता ‘एन’ दिला तर ते न सोडवता तसंच राहतं आणि समीकरणात वापरता येतं. ‘एन’चे अंक उतरत्या क्रमाने लावायचे तर आधी ‘एन’ची किंमत हवी. म्हणून याची जागा ‘एनथिअरी’त, संख्या सिद्धांताच्या विभागात.

तिथे डिजिट्स हे फंक्शन आधीपासून आहे, नवं लिहू नका. ते संख्येच्या अंकांची यादी देतं. यादीतला पहिला घटक संख्यापद्धतीचा पाया असतो: 35 दिल्यावर 10, 3, 5 मिळतात. तो पहिला 10 काढून टाका. शिवाय किती अंक हवेत तेही सांगा. 1000 मधून 1 गेल्यावर 999 उरतात. सुरुवातीचं शून्य धरलं नाही तर तिन्ही अंक सारखे आणि पुढची वजाबाकी शून्य. 0999 धरलं की 8991, 8082, 8532, 6174.

हे फंक्शन थेट ‘कोअर’मध्ये, म्हणजे सिम्पायच्या मूळ गाभ्यात का टाकू नये? एनथिअरी कोअरवर उभी आहे. कोअरची फाइल सुरुवातीलाच एनथिअरीला बोलावू लागली तर सर्क्युलर इम्पोर्ट होतो, म्हणजे दोन फाइली एकमेकींना बोलावत बसतात. एखादं मॉड्यूल, म्हणजे कोडची फाइल, चालवायला घेतानाच पायथन त्याची नोंद सिस-मॉड्यूल्स या आपल्या नोंदवहीत करतो, आतला कोड नंतर चालतो. त्यामुळे उलट हाक आली की अर्धवट मॉड्यूल हाती येतं, हवं ते नाव त्यात अजून तयार झालेलं नसतं, आणि इम्पोर्ट एरर येते. परिमेय संख्येचे अवयव काढताना कोअरला एनथिअरी लागतेच. तिथे इम्पोर्टची ओळ फंक्शनच्या पोटात लिहिली आहे, म्हणजे ती वापराच्या वेळी चालते. गरज असेल तिथेच हा उपाय करावा, कारण अशी अवलंबनं फाइलच्या माथ्यावर दिसत नाहीत.

टेस्ट एनथिअरीच्याच टेस्ट्स फोल्डरमध्ये जातात. 1000 आणि दोन अंकी चक्र या दोन्ही टेस्ट हव्यातच; चक्र ओळखता आलं नाही तर लूप संपणारच नाही. फंक्शनचं नाव मात्र लगेच सगळ्यात वरच्या पातळीवर, थेट सिम्पायमधून मिळेल असं, आणू नका. एकदा लोक ते वापरू लागले की हलवण्याआधी जुनं नाव इशाऱ्यासह निदान वर्षभर चालू ठेवावं लागतं.