बंदूक-हस्तांतराचे शुल्क सरकारी नसते

अमेरिकेत दुसऱ्या राज्यातून मागवलेली बंदूक ताब्यात घेताना स्थानिक विक्रेता जे हस्तांतर-शुल्क आकारतो, ते संघीय सरकारने ठरवलेला कर आहे, हा समज चुकीचा आहे. 1968 च्या बंदूक नियंत्रण कायद्याने अशी बंदूक ग्राहकाच्या राज्यातील परवानाधारक विक्रेत्यामार्फतच देण्याचे बंधन घातले. त्या कामाचा मोबदला मात्र या संघीय कायद्याने ठरवलेला नाही. बंदुकीची नोंद आपल्या वहीत करणे, ग्राहकाकडून 4473 क्रमांकाचा (खरेदीदाराच्या माहितीचा सरकारी) अर्ज भरून घेणे, त्याला बंदूक देता येते का हे पाहणारी पार्श्वभूमी तपासणी करणे आणि कागदपत्रे जपणे, या श्रमांचे ते दाम असते. म्हणूनच एकाच गावातल्या दोन दुकानांत ते वेगळे दिसते. 1998 पासून चालणाऱ्या राष्ट्रीय पार्श्वभूमी-तपासणी यंत्रणेसाठी एफबीआय विक्रेत्याकडून पैसे घेत नाही, त्यामुळे ‘एफबीआयची फी’ हे कारण टिकत नाही. काही राज्ये स्वतः तपासणी करून शुल्क लावतात, ही गोष्ट निराळी. कॅलिफोर्नियात तर दोन खासगी व्यक्तींमध्ये विक्रेत्यामार्फत होणाऱ्या व्यवहारासाठी त्या विक्रेत्याने प्रत्येक बंदुकीमागे 10 डॉलरपेक्षा जास्त घेऊ नये, अशी मर्यादा आहे. राज्याचे शुल्क त्याहून वेगळे. तेव्हा बंदूक मागवण्याआधीच दुकानात दर विचारलेला बरा.